बोटाएवढं हत्यार

गुलबर्ग्याहून आणलेली तूरडाळ अजून निवडायची राहिली आहे, आणि गल्लीतल्या बायका रोज दुपारी येऊन तेच विचारतात, "मावशी, खरंच मशिनीत पुस्तक असतंय व्हय?" एकीला सांगून होतं तोवर दुसरी येते, आणि पहिलीला अर्धंच कळलेलं असतं. म्हणून म्हटलं, एकदाच लिहून काढावं. मी काही लिहिणारी बाई नाही. शाळेत गेले नाही. उदगीरच्या स्टँडाशेजारी आमचा चहाचा गाडा होता, तिथं बसून एसटीच्या पाट्या बघत बघत अक्षरं शिकले. आधी 'लातूर' वाचता आलं, मग 'नांदेड', मग 'परभणी'. त्यामुळे माझं लिहिणंही एसटीसारखंच, वाटेत कुणी हात केला की थांबतं.

तर झालं असं. माझ्या थोरल्या बहिणीची लेक सुमन बीदरजवळ जनवाड्याला दिलेली आहे. तिथल्या एका खाजगी मराठी शाळेत ती शिकवते. नवरा हैदराबादला गाडी चालवतो, सणासुदीलाही येईलच असं नाही. सुमनला पोस्टानं शिकवणाऱ्या विद्यापीठातून शिक्षकाची पदवी घ्यायची होती. सगळं झालं होतं, एक प्रकल्प तेवढा राहिला होता, आणि तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याच्या केंद्रात द्यायचा होता. फोनवर म्हणाली, "दिला न्हाई तर वर्ष गेलं, मावशी. आन् पदवी नसलेल्याला जूनपासून शाळंत ठेवणार न्हाईत." त्यासाठी सुट्टीत गुलबर्ग्याला जाऊन कॉम्प्युटरच्या ग्रंथालयात बसायचं होतं. तिची सासू एकटीला पाठवेना. म्हणून सोबतीला मी.

बीदर

बीदरच्या स्टँडवर उतरले आणि पुन्हा निरक्षर झाले. सगळ्या पाट्या कानडी. गोल गोल अक्षरं, जणू कुणी जिलबी पाडत गेलंय. ज्या पाट्यांवर मी शिकले, तसल्याच पाट्यांखाली आंधळ्यासारखी उभी. आमच्याकडे खेड्यातल्या बाया गाड्यापाशी येऊन विचारायच्या, "ही गाडी कुठं जायली गं?" आणि मी ऐटीत सांगायचे. आता मी विचारत होते. एका बाईनं ऐकलं, मराठीतच म्हणाली, "अक्का, जनवाड्याला न्हवं? माझ्यासंगं बसा." पुढं कंडक्टरशी ती कानडीत भांडली, शेजारच्या म्हाताऱ्या चाच्याशी हैदराबादी उर्दूत बोलली आणि माझ्याकडे वळून पुन्हा मराठीत, "पान खाता का?" माणूस दात घासतो तितक्या सहज ती तीन भाषा बदलत होती. आमच्या उदगिरात दोन भाषा आल्या तर माणूस कॉलर ताठ करतो.

माती मात्र लाल. आमची काळी रानं सोडून आलेल्या डोळ्यांना ती विटकरीच वाटते. तुरीला फुलं धरत होती, सोयाबीन काढून झालं होतं. वारा कोरडा, आणि त्या पठारावर आभाळ जरा जास्तच मोठं.

जनवाडा

सुमनच्या सासूचं नाव लक्षुमबाई. माझ्याच वयाची, अंगानं काटक, आवाज गाव ऐकेल असा. त्यांच्याकडं पूर्वी मेंढरांचा कळप होता. आता चार शेळ्या आणि थोडी जमीन. मी पिशवी टेकवते न टेकवते तोच सुरू झाली.

"आलीस का विहीणबाई, आता तूच सांग भाचीला. सकाळी शाळा, संध्याकाळी त्या डब्याम्होरं. डब्यात काय भाकऱ्या भाजायल्यात का?"

"डबा न्हाई आत्या, कॉम्प्युटर," सुमन चुलीपासून म्हणाली.

"नाव कायबी असू दे. आन् त्यो डबा कुठं हाय म्हाईताय का? त्यांच्या वस्तीत. विहारात!"

ते खरं होतं. गावातल्या बौद्ध वस्तीतली पोरं शिकून हैदराबाद-पुण्याला लागली, त्यांनी विहाराशेजारच्या खोलीत अभ्यासिका काढून दिली. दोन कपाटं पुस्तकं, एक कॉम्प्युटर, एक छापायचं यंत्र. चालवते प्रज्ञा. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, सुमनची मैत्रीण. लक्षुमबाईचा प्रज्ञावर राग नव्हता, इंजेक्शन तिच्याच हातचं घ्यायची. पण त्या वस्तीत मात्र ती कधी गेली नव्हती. कामून जायचं, कशापायी, असं तिचं म्हणणं, आणि त्याला उत्तर असं कुणी मागितलंच नव्हतं.

सुमननं मला तिचा पेनड्राइव्ह दाखवला. बोटाएवढी वस्तू, लिपस्टिकसारखं टोपण. वर्षभराचं काम त्यात. मी म्हटलं, "हे हरवलं म्हंजी?" तर म्हणाली, "हरवू नको म्हण, मावशी." अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरला मागं रोग लागला होता, त्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, म्हणून ती आपलं काम तिथं ठेवत नसे.

गुलबर्गा

गुलबर्ग्याला आधी खाण्याचं सांगते. ज्वारीचीच भाकरी, पण पापडासारखी कडक, भिंतीला लावून ठेवली तर उभी राहील. ती मोडायची आणि भरल्या वांग्याच्या रश्शात बुडवायची. मी मऊ भाकरीची बाई, पहिल्या घासाला हिरडी सोलली. आम्ही उतरलो होतो त्या घरची बाई हसून म्हणाली, "महिनाभर टिकती, अक्का. परगावी जाणाऱ्या माणसांची भाकरी हाय ही." त्या घरची दोन माणसं मुंबईला होती. भाकरीसुद्धा गाडीत बसायला शिकलेली.

ग्रंथालयाच्या दारात चपला काढायला लावल्या. मला वाटलं, देऊळच. मी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला तर सुमन लाजली. आत गारवा, ओळीनं कॉम्प्युटर, आणि पुस्तकाचा वास अजिबात नाही. ग्रंथपाल बसवराज अण्णा, कपाळाला विभूती. "बर्री अव्वा, कुंद्री," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. सुमन कामाला लागली. तिला हवे होते ते लेख याच खोलीतल्या यंत्रांवर उघडतात, बाहेर नाही. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, पुस्तकात तिसरी असलेली मुलं शाळेत कशी शिकतात, हा तिचा विषय.

मी आपली बसले. किती बसणार? शेवटी बसवराज अण्णाच म्हणाले, "मराठी भी है अम्मा, देखते क्या?" त्यांनी एक जुनं पुस्तक उघडलं. बायांसाठी लिहिलेलं, घर कसं ठेवावं असलं काहीतरी. पान जसंच्या तसं, पिवळं, कोपरा दुमडलेला. बटण दाबलं की उलटतं. आणि मधेच एका पानावर अंगठ्याएवढा डाग. हळदीचा. मला वाटलं काचेवर आहे, मी पदरानं पुसायला गेले.

अण्णा हसले. "अंदर है अम्मा."

"मग हे तुम्हाला पुसता येत न्हाई?"

"पोंछ सकते. छोड़ दिए. कोई बाई रसोई में पढ़ी होगी ना."

मी त्या डागाकडं बराच वेळ बघत बसले. अक्षरं सोडून डागाकडं. कोण असेल? चुलीवर काय होतं तिच्या? भाजी करपली का? शाईत छापलेलं ज्यानं लिहिलं त्याचं नाव वर होतं, हिचं कुठंच नाही, तरी तीच मला ओळखीची वाटली. मी गाड्यावर पाट्या वाचायचे तेव्हा माझ्याही हाताला चहापत्ती असायची.

एक गोष्ट मात्र खटकली, ती लिहितेच. एवढी पुस्तकं, पण जनवाड्याच्या पोरीला ती वाचायला बस पकडून, सासूची परवानगी घेऊन, मावशीला उदगिराहून बोलावून यावं लागलं. मशिनीनं पुस्तक दूरवर जातं म्हणतात. इथं तर माणूसच दूरवरून पुस्तकाकडं जात होतं. अण्णांना मी हे म्हटलं. ते म्हणाले, "होगा अम्मा, वो भी होगा. धीरे धीरे." त्यांनी वाद घातला नाही, त्यामुळं मलाच वाईट वाटलं.

पुन्हा जनवाडा, खंडेनवमी

आम्ही परतलो. शेवटचं प्रकरण टंकायचं, मग सगळं छापायचं, एवढंच उरलं. पण मधे खंडेनवमी. आपल्याकडं हत्यारं पुजतात, तिकडं त्याहून जोरात. आदल्या दिवशी बीदरातून येताना पाहिलं, गॅरेजवाल्यानं पाने धुऊन ठेवलेले, जीपला केळीचे खुंट, आणि कॉम्प्युटरच्या दुकानात तर प्रत्येक मशिनीला झेंडूचा हार आणायची गडबड. दारात फोडायला कोहळा. पूजेला मांडलं की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. सुमन म्हणाली, "प्रज्ञाचं एकच चालू असंल." प्रज्ञानं आधीच चिडवून ठेवलं होतं, "आमचा कॉम्प्युटर बौद्ध हाय, त्याला नवमीची सुट्टी न्हाई."

नवमीच्या सकाळी सुमन उठली आणि पेनड्राइव्ह नाही.

पर्स झाली, दप्तर झालं, अंथरूण झटकलं. पोरीचा चेहरा उतरत गेला. मला बाजूला घेऊन कुजबुजली, "आत्यानंच लपवलंय. शिकू द्यायचं न्हाई तिला." मी म्हटलं, "थांब, असं बोलू नगं." पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. इतके दिवस तो 'डबा, डबा' ऐकत होते.

शेवटी सुमननं अंगणात जाऊन विचारलं. आवाज चढलेला. "आत्या, माझा पेनड्राइव्ह बघितला का? बोटाएवढा, काळा."

लक्षुमबाई शेळ्यांना पाला टाकत होती. मागं न बघता म्हणाली, "ते? ते मांडलंय की."

"कुठं मांडलंय?"

"पूजेत. अजून कुठं?"

आम्ही दोघी आत धावलो. देवघरापुढं घोंगडं अंथरलेलं. त्यावर नांगराचा फाळ, विळा, खुरपं आणि लोकर कातरायची मोठी कात्री. मेंढरं गेली तरी कात्री दर नवमीला निघते. आणि कात्रीच्या शेजारी, टोपण काढून वेगळं ठेवलेला, पेनड्राइव्ह. हळदीकुंकू लावलेलं. वर झेंडूचं फूल. आणि सगळ्यावर दूर्वांनी पाणी शिंपडलेलं.

सुमन खाली वाकून बघायला लागली. "आत्या, काय केलंत हो हे? ते काय हत्यार हाय का?"

लक्षुमबाई दारात उभी. पाल्याचा हात लुगड्याला पुसत म्हणाली, "मग काय हाय? फाळ तुझ्या सासऱ्याचा. कात्री त्याच्या बापाची. खुरपं माझं. तुझं काय मांडायचं, सांग. पळी? रोज रातचं तेच हातात घेऊन निघतीस. मी म्हनलं, सुनेचं हत्यार न्हाई मांडलं तर सण कसा व्हायचा?"

 बाहेर शेळी ओरडली, तिला लक्षुमबाईनं कानडीत दटावलं. सुमननं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"हात लावू नगंस!" सासूचा आवाज. "उद्या शिलंगणानंतर."

"आत्या, परवा द्यायचंय मला. आज टंकायचं, उद्या छापायचं. वर्ष जाईल."

"आन् पूजेतलं हत्यार उचललं तर? तुला काय झालं म्हंजी?"

दोघीही खऱ्या. त्या भांडणात पडायची माझी हिंमत झाली नाही. मी चप्पल घातली आणि प्रज्ञाकडं गेले.

अभ्यासिकेत बुद्धमूर्तीला ताजा हार, कॉम्प्युटर उघडाबोडका. मी म्हटलं, "हार तर तुमच्यातबी हाय की." प्रज्ञा म्हणाली, "हार मूर्तीला, मावशी, मशीनला न्हाई." मग मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग एकदम नर्ससारखी झाली.

"टोपण काढलं व्हतं? पाणी आत गेलंय?"

"शिंपडलंय. गेलं असंल."

"मग आज त्याला कुठंच लावायचं न्हाई. ओलं लावलं तर जळून जाईल, सगळं जाईल. सुमीला सांगा, पूजेतच राहू दे. उलटं ठेवा तेवढं, वारा लागंल असं. तोवर शेवटचं प्रकरण हातानं लिहून इथं आण म्हणावं, मी उद्या टंकते."

म्हणजे विज्ञान आणि लक्षुमबाई एकच सांगत होत्या, हात लावू नका. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा लक्षुमबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बघ," ती सुनेला म्हणाली, "नर्सबाईबी माझंच म्हनती." आणि स्वतः पेनड्राइव्ह फुलावर उलटा टेकवला. सुमन त्या घोंगड्यापुढंच बसून लिहीत राहिली. आजारी लेकराजवळ बसतात तशी.

दसरा

आमच्याकडं आपटा, तिकडं शमी. तिला बन्नी म्हणतात. संध्याकाळी गाव शिवेवर गेलं, पानं तोडली, एकमेकांच्या हातावर ठेवत "बन्नी तगोंड बंगारधंग इरोण" म्हणाले. बन्नी घेऊ, सोन्यासारखं राहू. मी माझं मराठीत म्हटलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." दोन्ही पानं एकाच मुठीत गेली. सुमनचं मात्र लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर लक्षुमबाईनं फाळाला हात लावला, कात्रीला लावला, आणि पेनड्राइव्ह उचलून पदराच्या गाठीत बांधला. सुमननं हात पसरला तर म्हणाली, "मांडलं मी, उचललं मी. पोचवणार बी मीच. चला."

"कुठं, आत्या?"

"कुठं म्हंजी? डबा जिथं हाय तिथं."

पुढं ती, मागं आम्ही. गल्ली संपली, हातपंप ओलांडला, आणि वस्ती सुरू झाली तिथं तिची चाल जराशी मंदावली. जराशीच. तो दिवस त्यांचाही सणाचा, दीक्षेचा. सगळी पांढऱ्या कपड्यांत, विहारात दिवे, लेकरांच्या हातात खिरीचे पेले. लोक बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं ओळखलं, म्हणाला, "लक्षुमक्का! तू कशी वाट चुकलीस?"

"चुकले न्हाई, काम हाय माझं," ती म्हणाली, आणि तिच्याही हातात खिरीचा पेला आला. तिनं पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी आपली पिऊन टाकली. मग तीही प्यायली. "साखर जास्त झाली," म्हणाली. वाढणारी पोरगी हसली, "अक्का, उद्या तुम्ही करून पाठवा."

प्रज्ञानं कापसाला स्पिरिट लावून पेनड्राइव्हचं तोंड पुसलं, जखम पुसतात तसं. लावला. काही नाही. कॉम्प्युटरला त्याची ओळखच पटेना. सुमननं माझा हात धरला. प्रज्ञानं काढला, फुंकर मारली, पुन्हा पुसला, दुसऱ्या खाचेत लावला. दिवा लुकलुकला. थोडं थांबून पडद्यावर अक्षरं आली, काळीभोर, मराठी.

"हेच का?" लक्षुमबाई पुढं वाकली. तिला वाचता येत नाही. "काय लिव्हलंय?"

सुमननं पहिली ओळ वाचली आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली, म्हणून मी वाचलं. माझ्या पाटीवरच्या वाचण्यानं, थांबत थांबत. त्यात होतं की जनवाड्यातली एक आजी शेळ्यांशी कानडी बोलते, सुनेशी मराठी, तेलुगू व्यापाऱ्याशी तेलुगू, आणि रागावली की तिन्ही. अशा घरातलं मूल शाळेत आलं की त्याला 'भाषा येत नाही' असं म्हणतात, ते कितपत खरं?

लक्षुमबाई पडद्याजवळ सरकून म्हणाली, "माझंच हाय हे?"

"व्हय, आत्या."

"शेळ्यांचंबी लिव्हलंस?" आणि ती इतकी हसली की विहारातली माणसं दारात जमली.

प्रज्ञानं शेवटचं प्रकरण टंकलं, छापायचं यंत्र घरघरलं. पहिलं पान बाहेर आलं ते लक्षुमबाईनं दोन्ही हातांनी घेतलं, पूजेचे हात अजून पिवळे होते. कोपऱ्यात अंगठ्याएवढा हळदीचा डाग उमटला. ती घाबरली. "नर्सबाई, दुसरं काढा, माझ्यामुळं पोरीचं पान नासलं." प्रज्ञानं लगेच दुसरं छापलं, कोरं, स्वच्छ.

गुलबर्गा, पुन्हा

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या खिडकीशी रांग. आमच्या पाळीला आतल्या माणसानं फाईल उघडली आणि भुवया वर केल्या. "ये क्या लगा है मॅडम?"

मला कळेना. मी डोकावले तर वरचं पान डागाचं. रात्री फाईल लावताना सुमननं तेच घातलं होतं. मला वाटलं चूक झाली. मी पिशवीत दुसरं शोधायला लागले तर ती हळूच म्हणाली, "न्हाई मावशी, ते आत्याला दिलं." मग खिडकीकडं वळून म्हणाली, "हळद है सर. वाचायला अडचण न्हाई."

त्यानं अंगठ्यानं डाग घासून बघितला, जात नाही म्हटल्यावर शिक्का मारला. निकाल अजून लागलेला नाही, लागेल तेव्हा कळेल. पण पान आत गेलं. ते पुढं कुठल्या कपाटात जाईल, कधी बसवराज अण्णांसारखं कुणी त्याला मशिनीत घालेल की नाही, मला काय माहीत. घातलं तर पुसू नये एवढंच.

आणि कोरं पान जनवाड्यात आहे. उदगिराला निघताना मी बघून आले. लक्षुमबाईनं घडी घालून, लोकरीच्या कात्रीखाली दाबून ठेवलं आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून, म्हणाली.